नवसूमामांची भरलेली गाडी

आमच्या प्राण्यांच्या आश्रयघराच्या रुग्णवाहिकेत मी पहिल्यांदा चढले, तेव्हा आत आधीच सहा माणसं बसलेली होती. दोन बाया मांडीवर करवंदांच्या पाट्या घेऊन, एक म्हातारबाबा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून, एक जोडपं मधे गाठोडं ठेवून, आणि दाराशी एक गृहस्थ नवा कोरा कुकर छातीशी धरून. सगळ्यांत मागे पिंजऱ्यात पायाला प्लास्टर घातलेला एक तांबडा कुत्रा होता. तो सोडला तर रुग्णवाहिकेशी काही संबंध असलेलं त्या गाडीत कुणीच नव्हतं.

मी खाली उतरले आणि गाडीवरची पाटी पुन्हा वाचली. ‘जखमी व निराधार प्राण्यांसाठी’. गाडी तर बरोबर होती.

“टीचर, उतरू नका, जागा हाय!” ड्रायव्हरच्या जागेवरून एक डोकं बाहेर आलं. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात बडीशेप. “मावशे, पाटी उचल वर. बाबा, सरका जरा. चौघांचा बाक हाय तो, तिघं काय ऐसपैस बसलात?”

मावशीने पाटी उचलली, बाबा सरकले आणि मी बसले. गाडी मात्र हलेना.

“आता कुणाची वाट बघताय?” मी विचारलं.

“अजून एक बसतंय की,” ते म्हणाले, आणि खिडकीतून मान काढून त्यांनी आरोळी दिली, “चला करंजाळी, करंजाळी, करंजाळी! एक सीट!”

करंजाळीजवळ एक वासरू नाल्यात पडून पाय मोडून घेऊन बसलं होतं. त्याला आणायला आम्ही निघालो होतो.

हे नवसूमामा. नवसू गावित. मूळचे सुरगाण्याकडचे. नवसाने झाले म्हणून नवसू. उभं आयुष्य त्यांनी नाशिक ते पेठ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली होती. त्या जीपमध्ये किती माणसं मावायची, हे ते कधी आकड्यात सांगत नसत. “दार लागत नाय म्हंजे गाडी भरली नाय,” एवढंच म्हणत. म्हणजे दार उघडं ठेवून, त्यावर चौघं लटकले की मग गाडी भरली. पुढे जीप म्हातारी झाली, कागदपत्रं सरली आणि ती भंगारात गेली. सातपूरच्या कारखान्यात असलेल्या मोठ्या मुलाने सांगितलं, “अप्पा, आता घरी बसा, आराम करा.”

आराम मामांना सोसला नाही. मामी सांगायच्या, पलंगावर बसल्या बसल्या यांचा डावा हात हलायचा. जेवताना ताटाशेजारी पेला ठेवला की तो पहिल्या गिअरमध्ये टाकायचे.

आश्रयघरात ते आले ते कुत्र्यांच्या प्रेमाने आले, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. पेठ नाक्यावर टेम्पोने उडवलेलं एक कुत्रं जीपच्या थांब्याच्या मधोमध पडलं होतं. गाड्यांना वळायला अडचण होत होती. मामांनी त्याला गोणपाटात घेतलं, रिक्षात घातलं आणि आमच्याकडे आणलं. आमच्या डॉक्टर मॅडम कुत्र्यावर वाकल्या आणि मामा निंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे बघत राहिले. ती कुठल्याशा शाळेने दान दिलेली जुनी व्हॅन होती. टपावर कॅरियर, आत एक लांब बाक, बाकी ठिकाणी पिंजरे. ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता, म्हणून टपावर निंबोळ्यांचा सडा पडला होता आणि आरशावर चिमणी बसत होती.

“गाडी आजारी हाय का?” मामांनी विचारलं.

“गाडीला काही झालेलं नाही. चालवायला माणूस नाही,” डॉक्टर मॅडम कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता म्हणाल्या.

“चांगली चालती गाडी उभी ठेवली? पाप लागंल ओ तुमाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बादली आणि फडकं घेऊन हजर. कुत्रं कसं आहे, याची त्यांनी चौकशीही केली नाही. गाडी धुतली, हवा पाहिली, डॅशबोर्डवर उदबत्ती लावली. डॉक्टर मॅडमनी पगाराचं विचारलं, तर म्हणाले, “पगार नको. पगार घेतला की तुमी सांगनार, मंग मला ऐकावं लागंल.”

या एका वाक्यात पुढच्या सगळ्या भांडणांची सोय त्यांनी करून ठेवली होती.

मी एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आश्रयघरात जाते. पट्ट्या धुणं, पिल्लांना दूध पाजणं, आणि गाडीबरोबर जाऊन जनावर धरायला मदत करणं, ही माझी कामं. त्यामुळे मामांचा सहवास मला भरपूर घडला. जनावरांना ते पॅशिंजर म्हणत. प्रत्येकाची सीट त्यांनी मनाशी ठरवलेली. कुत्रं म्हणजे अर्धी सीट. शेळी म्हणजे पूर्ण, कारण ती एका जागी बसत नाही. वासराची अडीच. मांजर मात्र सीटमध्ये धरत नसत. “ते सामान,” म्हणायचे. मांजराकडे ते कधी सरळ बघत नसत. एकदा पिंजऱ्याचं दार नीट न लागल्यामुळे एक बोका सुटून त्यांच्या मानेमागे येऊन बसला, तेव्हा म्हसरूळपर्यंत मामांनी मान वळवली नाही, शब्द काढला नाही आणि एकही माणूस गाडीत घेतला नाही. माझ्या माहितीत गाडी न भरता पुढे गेली ती तेवढीच वेळ.

एरवी त्यांना रिकामी सीट बघवत नसे. पेठ रस्त्याला लागलं की हाताची घडी घालून उभं असलेलं माणूस त्यांना लांबून ओळखू यायचं. आपोआप गाडी कडेला. “कुठं? चाचडगाव? बसा. कुत्र्याकडं पाय करू नका, त्याचं ऑपरेशन झालंय.” लोकही असे, की शेजारी गुरगुरणारं कुत्रं आहे, डोक्यावर सलाईनची बाटली हलतेय, याचं कुणाला काही वाटत नसे. उलट त्या बाटलीला हात लावून धरायचे. एका आजीने गाडीतून उतरेपर्यंत अनोळखी शेळीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कपाळाला तेल चोळलं होतं.

डॉक्टर अनुराधा मॅडम या आमच्या आश्रयघराच्या सर्वेसर्वा. चणीने लहान, चालण्यात तुरतुरीत, आवाज मात्र गेटपासून वॉर्डापर्यंत पोचणारा. त्यांना ही प्रवासी वाहतूक कळली ती अशी, की एका बाईने आश्रयघरात फोन करून विचारलं, “पेठची गाडी आज कितीला सुटनार?” मॅडमनी त्याच दुपारी गाडीच्या आत लाल अक्षरांत पाटी लावली. ‘ही गाडी फक्त प्राण्यांसाठी आहे.’

मामांनी पाटी दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळले.

“टीचर, तुमी सायन्स शिकवता ना?”

“हो.”

“मानूस प्राणी हाय का नाय?”

मी डॉक्टर मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. पण सातवीच्या पुस्तकाशी मी गद्दारी कशी करणार?

“आहे,” मी हळूच म्हणाले.

“झालं मंग,” असं म्हणून मामांनी गाडी सुरू केली. डॉक्टर मॅडम माझ्याशी तो आठवडाभर कामापुरतं बोलल्या.

भाडं ते घेत नसत, याची मॅडमनी गुपचूप खात्री करून घेतली होती. पण डोंगरातली माणसं फुकट बसायला लाजतात. उतरताना कुणी नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी ठेवून जाई, कुणी दुधी, कुणी तांदळाची चुरी. हे सगळं आमच्या कुत्र्यांच्या चुलीवर जाई. त्या पावसाळ्यात आमची कुत्री नागलीची आंबील पिऊन इतकी धष्टपुष्ट झाली, की मॅडमनी पाटी काढली नाही तरी तिच्यावर मामांनी मुलाच्या कंपनीचं कॅलेंडर लटकवलं, त्याकडे काणाडोळा केला.

साहेब आमच्याकडे आला तो देवळाली कॅम्पमधून. फौजी अधिकाऱ्याची बदली कुठेतरी लांब, थंड प्रदेशात झाली होती आणि त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला तो प्रवास झेपणार नव्हता. बाईसाहेब दारात उभ्या राहून रडत होत्या, साहेब आत कपाटाआड जाऊन डोळे पुसत होते. त्या कुत्र्याचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं. ते मामांच्या जिभेवर बसेना, म्हणून ज्याच्या घरून आला त्याचंच नाव त्याला पडलं, साहेब.

साहेबाला मागच्या पिंजऱ्यात चढवायला आम्ही खूप खटपट केली. तो काही चढेना. जीपमध्ये पुढे बसायची त्याची उभ्या जन्माची सवय. शेवटी त्याने स्वतःच पुढच्या दाराशी जाऊन पंजा उचलला. मामांनी दार उघडलं. तो वर चढून ड्रायव्हरशेजारी ताठ बसला आणि समोरच्या काचेतून कॅम्पाचा रस्ता बघू लागला.

“वा!” मामा म्हणाले. “ही खरी सवारी. कुठं बसायचं कळतंय.”

त्या दिवसापासून पुढची सीट साहेबाची झाली. मी मागे गेले. डॉक्टर मॅडमसुद्धा मागे गेल्या. एकदा आमच्या विश्वस्तांपैकी एक वयस्कर गृहस्थ पाहणीला आले आणि पुढे बसायला गेले, तर मामांनी अगदी नम्रपणे सांगितलं, “तिथं साहेब बसतात.” गृहस्थ घाईघाईने मागे जाऊन करवंदांच्या पाट्यांमध्ये बसले. साहेब कोण हे त्यांना गाडी सुटल्यावर दिसलं.

“मला कुत्र्याबित्र्याचं काय नाय, मी डायवर,” हे मामांचं पालुपद तरीही चालूच होतं. फक्त दुपारी डबा उघडल्यावर ते भाकरीचे दोन भाग करत, एक आपल्याला, एक साहेबाला, आणि ठेचा कुणाला किती सोसतो यावर त्याच्याशी गंभीर चर्चा करत.

बाजेची गोष्ट सांगितल्याशिवाय मामा पुरे होणार नाहीत. उमराळ्याच्या अलीकडे द्राक्षबागेतल्या विहिरीत एक कुत्रा पडला होता. आदल्या दिवसापासून कपारीवर अंग चोरून उभा होता. डॉक्टर मॅडम स्वतः आल्या. पेठ नाका ओलांडल्यावर मामांनी गाडी थांबवली, तशी मॅडम कडाडल्या, “मामा, आज कुणालाही घ्यायचं नाही! एक जीव पाण्यात आहे!”

“रस्त्यातच हाय ओ त्यांचं गाव. थांबतो कुठं मी, चढतायत ते चालत्या गाडीत.”

चढले ते लहानूभाऊ नावाचे करंजाळीकडचे शेतकरी, त्यांचे दोन भाऊ आणि एक मेहुणा. आणि टपावर चढली लहानूभाऊंची नवी बाज. शिसवी रंगाचे पाय, हिरवी-गुलाबी नायलॉनची पट्टी विणलेली. मुलीच्या लग्नात द्यायची बाज. डॉक्टर मॅडम संतापाने लाल झाल्या. “रुग्णवाहिकेवर फर्निचर! उद्या वरात काढा!” त्या संपूर्ण रस्ताभर मामांशी बोलल्या नाहीत. लहानूभाऊ मात्र दर खड्ड्याला खिडकीतून मान काढून वर बघत होते.

विहिरीवर आमची जाळी सोडली. कुत्रा जाळीला घाबरून कपारीत आणखी आत सरकला. फास टाकून पाहिला, तर त्याने दात दाखवले. मॅडम कमरेला दोर बांधून स्वतः उतरायला निघाल्या, पण विहिरीचा काठ ढासळत होता आणि बागेचा मालक त्यांचा हात सोडेना. कुत्र्याचे मागचे पाय थरथरायला लागले होते. एकदा घसरून तो पाण्यात गेला, कसाबसा परत कपारीला लागला. पुन्हा पडला तर वर येण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं, हे वरून सगळ्यांना दिसत होतं.

मामा विहिरीत डोकावले. मग वळून गाडीच्या टपाकडे पाहिलं. मग लहानूभाऊंकडे पाहिलं.

“नाय,” लहानूभाऊ म्हणाले.

“मी काय बोललो का?”

“तू बगितलं. नाय म्हंजे नाय, नवसू! लेकीची बाज हाय. अजून तिच्यावर मानूस बसला नाय.”

“लहानू, खंडेरायाच्या पायाशी कोन असतं?”

लहानूभाऊ टपाकडे बघत राहिले.

“बोल की. मांजर असतं का?”

“कुत्रा असतो,” लहानूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

“मंग? तुज्या लेकीच्या बाजेवर पयला खंडेरायाचा मानूस बसंल. त्या पाहुन्यांकडं हाय का अशी बाज कुनाकडं?”

बाज टपावरून उतरली. चारी पायांना दोर बांधले. एकेका दोराला एकेक माणूस, दोन्ही भाऊ, मेहुणा, आणि चौथ्याला स्वतः लहानूभाऊ, “हळू, हळू, कोपरा घासंल!” असं ओरडत. बाज पाण्याला टेकली. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं. हुंगलं. एक पाय ठेवला, काढला. पुन्हा ठेवला. आणि मग आपण वर्षानुवर्षं बाजेवरच झोपत आलोय अशा थाटात वर चढून मधोमध बसला. वर येईपर्यंत हलला नाही. काठावर आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मॅडमनी डोळे पुसले आणि लगेच आपण पुसले नाहीत असं दाखवलं.

अडचण एवढीच झाली, की कुत्रा बाजेवरून उतरायला तयार होईना. ओढायला गेलं की गुरगुरे. शेवटी बाज त्याच्यासकट गाडीत घालावी लागली. त्यासाठी पिंजरे टपावर गेले. कुत्रा बाजेवर आणि आम्ही सगळे बाजेखाली पाय मुडपून, असे परत आलो. त्या कुत्र्याचं नाव नवरदेव ठेवलं. बाज धुऊन, पुसून, दोन दिवसांनी मामांनीच गाडीने पोचवली आणि लग्नाला आम्ही झाडून सगळे गेलो. लहानूभाऊ येईल त्या पाहुण्याला बाज दाखवून खंडेरायाची गोष्ट सांगत होते. मुलीच्या सासऱ्याने तर बाजेला हळदकुंकू लावलं होतं.

परतताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “मामा, माणसं चालतील. फर्निचरचं विचारून घेत जा.”

“विचारतो की,” मामा म्हणाले. पुढे त्यांनी कधी विचारलं नाही.

हे असंच चालू राहील असं आम्ही धरून चाललो होतो. मागल्या वर्षी हिवाळ्यात एका दुपारी आम्ही ननाशीकडून परतत होतो. पुढे साहेब, मागे मी, मांडीवर पिल्लांचा पिंजरा, शेजारी बाजाराला निघालेल्या बाया आणि एक ट्रॅक्टर चालवणारा बाप्या. रस्त्याच्या डाव्या कडेला मामांनी गाडी थांबवली.

“चला मावशी, बसा लवकर. नाशिक ना?”

मावशी आली नाही. मी खिडकीतून पाहिलं. टोमॅटोच्या वावरात जुनी मॅक्सी चढवलेलं बुजगावणं उभं होतं. मी खदाखदा हसले. सगळीच हसली. मामांच्या अशा थट्टा आम्हाला सवयीच्या होत्या.

“ओ मावशी, येताय का? जागा हाय,” मामा पुन्हा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराशी चीड होती. थट्टा करणाऱ्या माणसाच्या आवाजात नसते तशी.

माझं हसू तिथेच थांबलं. माझ्या शेजारची म्हातारी पुढे वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “नवसू, बाई नाय ती. काठीला कापडं हायती.”

मामांनी डोळे बारीक करून वावराकडे पाहिलं. मग इंजीन बंद केलं. उतरले, वावराच्या कडेपर्यंत चालत गेले, मॅक्सीची बाही हातात धरून पाहिली. परत आले ते पुढच्या दाराकडे नाही, मागच्या दाराकडे.

“तू चालीव,” ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, आणि माझ्या शेजारी बाकावर बसून पिल्लांचा पिंजरा आपल्या मांडीवर घेतला.

ट्रॅक्टरवाल्याने गाडी ट्रॅक्टरच्याच चालीने आणली. साहेबाने दोनदा मागे वळून पाहिलं. मामा डोळे मिटून बसले होते आणि इंजिनाचा आवाज ऐकून मागून सांगत होते, “दुसरा टाक. आता तिसरा. अरं टाक की, रडतीय ती.” मखमलाबादच्या वस्तीला लागल्यावर ते मला हळूच म्हणाले, “कधीपासून कडंचं जरा कमी दिसतंय, टीचर. म्या म्हनलं रस्ता तर पाठ हाय. पन रस्त्यात येनारं मानूस पाठ नसतं ना.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम सगळी कामं टाकून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने उरलेली जपायची, आणि गाडी बंद. मॅडमनी तिथल्या डॉक्टरांशी तावातावाने वाद घातला. दुसरीकडे दाखवलं, तिथेही वाद घातला. मामा बाहेर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला सरकायला सांगत होते, कारण एक बाई उभी होती.

नव्या ड्रायव्हर म्हणून सुनीताताई आल्या. आधी शाळेची व्हॅन चालवायच्या. मामांनी रस्ते दाखवायला एक दिवस बरोबर बसावं, असं मॅडमनी सुचवलं. “बाई गाडी चालवनार?” असं तोंडातल्या तोंडात म्हणत मामा बसले. साहेबाशेजारी दाटीवाटीने. साऱ्या घाटभर त्यांचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. सुनीताताईंनी वाटेत हात करणाऱ्या कुणासाठीही गाडी थांबवली नाही. प्रत्येक माणूस मागे पडला की मामा आरशाकडे तोंड करून “च्च” करायचे. परत आल्यावर ते डॉक्टर मॅडमना म्हणाले, “बाईचा हात हलका हाय. गाडी तिच्याकडं राहू द्या. मी बसलो की तिचं चित्त हलतं.”

मग ते गावी गेले, धाकट्या मुलाकडे, सुरगाण्याच्या पलीकडे. साहेबाचं काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मुलाने आणलेल्या जीपचं पुढचं दार उघडल्याबरोबर साहेबाने पंजा उचलला होता. त्याला वर ढकलताना मामा म्हणाले, “मला काय हौस नाय. त्याला करमनार नाय म्हनून नेतो.”

ते गेल्यावर एकदा रासेगावजवळ ऊन मी म्हणत होतं आणि एक आजी डोक्यावर ओझं घेऊन हात करत होत्या. सुनीताताई पुढे निघाल्या. तेव्हा मागून ओरडलं कोण, तर डॉक्टर मॅडम. “अहो थांबवा ना! जागा आहे की!”

यंदा श्रावणात मामांचा फोन आला. पाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची होती. “तुमी या फक्त. कुत्री मी जमवून ठेवतो.” आम्ही पोचलो, तर मारुतीच्या पारावर सगळा पाडा जमलेला. शेळ्या, कोंबडे, लंगडणारा एक बैल, दाढ दुखणारी एक म्हातारी. कुत्रं एकही नव्हतं. ढोल वाजवून मामांनी लोक जमवले होते, त्या आवाजाने कुत्री रानात पळाली होती.

“येतील भाकरीच्या वक्ताला,” मामा म्हणाले. चष्मा जाड झाला होता, टोपी तशीच पांढरी होती. डॉक्टर मॅडमना त्यांनी पाटावर बसवलं आणि बैलापासून सुरुवात केली. मॅडमनी शेळ्या तपासल्या, कोंबड्यांचे पाय पाहिले, म्हातारीलाही गुळण्या सांगितल्या. मामींनी नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. बहिरा झालेला साहेब उंबरठ्यावर आडवा पडला होता आणि सगळं गाव त्याला ओलांडून जात होतं. भाकरीचा वास सुटल्यावर कुत्री खरंच एकेक करून आली, आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांनी धरून आणली. संध्याकाळी लस टोचून झाली तेव्हा मॅडमची ओढणी फाटली होती आणि त्या खूप खुशीत होत्या.

निघताना गाडी वळवायला जागा नव्हती. दोन्हीकडे भाताची खाचरं, मधे चिंचोळी वाट. “मी सांगतो मागून,” म्हणत मामा मागे जाऊन उभे राहिले. सुनीताताईंनी आरशात पाहिलं. नको म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही, मला झालं नाही, आणि मॅडम मुद्दाम दुसरीकडे बघत बसल्या.

“येऊ द्या! येऊ द्या! लय जागा हाय! अजून येऊ द्या!”

मागची दोन्ही चाकं खाचरात गेली. चिखलाचा एक फवारा उडाला तो मामांच्या टोपीपासून पायापर्यंत. पाडा हसत हसत धावत आला. बायका, बाप्ये, सगळ्यांनी खांदे लावले. “मी बरोबर सांगितलं व्हतं, वाटच अरुंद झालीय,” असं मामा चिखलात उभे राहून ओरडत होते, आणि त्यांच्यासकट सगळ्यांनी मिळून गाडी वर काढली.

वळण घेऊन पुढे गेल्यावर मी मागे पाहिलं. चिखलाने माखलेले मामा वाटेत उभे राहून हात हलवत होते. पण आमची गाडी डावीकडे वळून टेकाडावर चढली होती आणि ते सरळ, खालच्या वाटेकडे तोंड करून हात हलवत होते. तिथे कुणीच नव्हतं.

सुनीताताईंनाही आरशात दिसलं असावं. त्यांनी गाडी थांबवली. मग डॉक्टर मॅडमनी मधून हात घातला आणि हॉर्न दाबला, चांगला लांबलचक.

मामांची मान आवाजाकडे वळली. हात वरच होता. आणि त्यांच्या पाठीमागे, घराघरांतून, नुकतीच सुई टोचून घेतलेली पाड्यावरची सगळी कुत्री भुंकत बाहेर पडली.

“हॉर्न काय मारताय ओ?” मामा टेकाडाकडे बघून ओरडले. “आत्ता कुठं निजली व्हती ना ती!”